दाराची डावी बाजू

पंधरावा मजला, नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग
सोमवार, २ फेब्रुवारी

रविवार, ११ जानेवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. वेळ आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तू "कधी? कुठे? मला तर काहीच आठवत नाही," असं म्हणणार, हे मला तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. त्या दिवशी त्या वेळी, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच हातून माझा जो अपमान घडवून आणला गेला, त्याबद्दल हे पत्र आहे.

चि. सौ. आ-लिन हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (बोलणं बंद असलं तरी आशीर्वाद बंद होत नाहीत. शत्रूलाही आशीर्वाद द्यावा, असं सिस्टर इमेल्डा आम्हाला शाळेत सांगायच्या. त्यांना धाकटी बहीण होती की नाही, ते विचारायचं राहून गेलं.) तुझा गुडघा कसा आहे? बरा नसणार, कारण गेल्या मंगळवारी लिफ्ट बंद होती तेव्हा तू जिन्यात तीन वेळा थांबलीस आणि तिन्ही वेळा लिफ्टवाल्यांच्या घराण्याचा उद्धार केलास, तो वर स्पष्ट ऐकू आला. तुझ्या तोंगरावांचा खोकला मात्र सुधारलेला दिसतो. पूर्वी सकाळी सहाला बाथरूमच्या पाइपातून तो इतका खणखणीत वर यायचा की मी त्यावर घड्याळ लावायचे. हल्ली मी उशिरा उठते. दोष त्यांच्या वैद्याचा. माझी प्रकृती उत्तम आहे. उजव्या अंगठ्याला फोड आहे, डाव्या तळपायात एक चौकोनी खड्डा पडला आहे आणि मान एकाच बाजूला वळते, पण त्याचा खुलासा पुढे येईलच.

दोन मजले उतरण्याऐवजी ही बाई पोस्टाचं तिकीट का चिकटवते, असं तुला वाटेल. तुझा मजला बारावा, माझा पंधरावा, आणि चौदावा तर 'चार' ऐकताना 'मरण' ऐकू येतं, या भीतीपोटी बांधणाऱ्यांनी गाळूनच टाकलेला. म्हणजे आपल्यामध्ये एकटा तेरावा. हे पत्र मी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार, ते समुद्रापलीकडे जाऊन शिक्के खाऊन परत येणार आणि खालच्या दालनात तुझ्या पेटीत पडणार, जी माझ्या पेटीला चिकटून आहे. मला त्याचं काही वाटत नाही. लेखी गोष्टीला वजन असतं. शिवाय यिप काकांमार्फत निरोप पाठवणं मी बंद केलं आहे. पहारेकरी म्हणून माणूस चोख, पण निरोप्या म्हणून भयंकर. तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत ओल उतरू नये म्हणून मी त्यांना सांगितलं, "वरच्या बाईंकडे पाणी गळतंय, एवढंच कळवा." त्यांनी तुला जाऊन सांगितलं, "वरच्या बाई रडताहेत." त्यावर तू काहीच केलं नाहीस, हीही नोंद माझ्याकडे आहे. (तसं तू वरती रुमालांचा डबा पाठवलास. तो मी उपहास म्हणून धरला.)

आता मूळ भांडण. ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने ते असं: एक वर्ष चार महिन्यांपूर्वी आईच्या पुण्यतिथीला मी तुझ्याकडे आले. तुझ्या लेकीचे, पुई-शानचे, सासू-सासरे बसले होते. देव्हाऱ्यात आई-बाबांचे फोटो होते आणि बाबा होते उजवीकडे. पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे, हे आपल्या मांजरालाही ठाऊक होतं. मी काहीही न बोलता (बरं, थोडं बोलून) स्टुलावर चढले आणि फोटोंची अदलाबदल केली. यात कुणालाही काय गैर वाटावं? चौतीस वर्षं मी परीक्षा मंडळात प्रश्नपत्रिका तपासल्या. छापायला जाण्यापूर्वी शेवटची नजर माझी. चूक दिसली की माझा हात आपोआप उठतो. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसा. पण तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, हे तुझं परीक्षा मंडळ नाही."

मी म्हटलं, "ते दिसतंच आहे. तिथे चूक दाखवली की लोक आभार मानतात."

"आभारी आहे. आता खाली उतर आणि बाबांना जागेवर ठेव."

"जागेवरच ठेवलेत. पहिल्यांदाच."

मग तू एका बाजूने धरलंस, मी दुसऱ्या बाजूने, आणि आईच्या फोटोची काच हनुवटीपासून कानापर्यंत तडकली. तू म्हणालीस, "आता तरी मंडळाची बाई समाधानी झाली असेल." मी पर्स उचलली. जाताना तुझ्या दाराच्या लोखंडी जाळीत माझी छत्री अडकली आणि ती सोडवायला मला पुरतं एक मिनिट लागलं. त्या मिनिटात कुणीही "थांब" म्हणालं नाही. हे मी विसरलेले नाही. छत्रीही नाही.

तेव्हापासून शेजारीपाजारी आपल्याबद्दल काय म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. दोन माणसांनी एकमेकांकडे पाठ फिरवली की, दाराच्या दोन फळ्यांवर लावायच्या त्या राखणदार देवांच्या चित्रांवरून, आपल्या गल्लीत दुसरा शब्दच नाही: "दारदेव चुकीचे चिकटवलेत." फळवालीसुद्धा मला संत्री देताना म्हणाली, "बाई, तुमचे दारदेव अजून चुकीचेच का?" मी तिला सांगितलं, संत्र्यांकडे लक्ष दे. हा शब्द डोक्यात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. (उभं आहे, हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. तिरकं का होईना, पण उभं आहे.)

डिसेंबरात मला सत्तर पूर्ण झाली. पुई-शान हसत हसत आली, हातात एवढी मोठी पेटी. मला वाटलं, पाय शेकायचं यंत्र. कागद फाडला तर आत ठोकळे. दोन हजार चारशे अठरा प्लास्टिकचे ठोकळे आणि वर चित्र: पुराणातला पीचचा अवाढव्य वृक्ष, त्याच्या फांद्यांखाली भुतांचं दार, आणि दाराच्या दोन फळ्यांवर ते दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, लव्हाळ्याच्या दोरीने भुतांना बांधून वाघापुढे टाकणारे. म्हणजे पहिलेवहिले दारदेव. "मावशी, तुला वेळ जात नाही म्हणतेस ना," पुई-शान म्हणाली. मी असं कधीही म्हटलेलं नाही. मला वेळ जात नाही असं नाही, वेळेलाच मी जात नाही. मी तिला सांगितलं की मी आयरिश नन्सच्या हाताखाली शिकलेली बाई आहे, सत्तराव्या वर्षी ठोकळे रचणार नाही. पेटी कपाटावर ठेव. ती गेल्यावर मी फक्त पुस्तिका चाळायला काढली. चुका आहेत का ते पाहायला.

तिथे मी फसले. पुस्तिकेत एक शब्द नव्हता. एकशे बारा पानं आणि नुसती चित्रं! ज्या बाईने आयुष्यभर स्वल्पविरामांची शिकार केली तिच्यापुढे शब्दच नसलेलं पुस्तक ठेवणं म्हणजे मांजरापुढे चित्रातला मासा. मी चष्मा बदलला. मग दिवा बदलला. मग पहिलं पाकीट फोडलं, केवळ चित्र खरं आहे की खोटं ते पडताळण्यासाठी. त्यानंतरचे तीन आठवडे मला नीटसे आठवत नाहीत. टेबल वृक्षाने व्यापलं, म्हणून मी ओट्याशी उभ्याने पेज खाल्ली. पीचची पानं तीनशे बारा, प्रत्येक पान माझ्या भुवयांच्या चिमट्याने लावलं. भुवयांकडे बघायला वेळ उरला नाही, त्या आता बाबांसारख्या झाल्या आहेत. एक ठोकळा जमिनीवर पडला तो मी तळपायाने शोधला. (हा तो चौकोनी खड्डा.) वाघाची शेपटी तीनदा निखळली, तेव्हा मी त्याला गोंद लावला, आणि माझा अंगठाही तिथेच राहिला. पाऊण तास मी आणि वाघ एकमेकांना धरून बसलो होतो. फोन वाजला तो उचलता आला नाही. तो तुझा असेल, असं मला क्षणभर वाटलं. दूरसंचारवाले होते, हे नंतर कळलं.

भुतं नऊ होती. मोजली तर आठ. दोन दिवस शोधलं: तांदळाच्या डब्यात, सोफ्याच्या फटीत, झाडूच्या केसांत. शेवटी रविवारी प्रार्थनेत मागच्या बाकावरच्या बाईंनी ते माझ्या स्वेटरच्या पाठीवरून काढून दिलं. त्याच्या इवल्याशा नख्या लोकरीत अडकल्या होत्या. म्हणजे दोन दिवस मी भूत पाठीवर घेऊन बाजारहाट केला, बँकेत गेले आणि 'आमच्यावर कृपा कर' म्हटलं. त्याच आठवड्यात फादर नव्या वर्षाचं कॅलेंडर द्यायला घरी आले. टेबलावर रांगेत बांधलेली मंडळी बघून म्हणाले, "फिलोमिना, हे कोण?"

"भुतं आहेत, फादर. वाघाला खायला घालायची आहेत."

त्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. कॅलेंडर जाता जाता दारातच दिलं.

हे सगळं मी का सांगते आहे? कारण मला ते आवडत होतं, आ-लिन. ही कबुली फक्त एकदाच दिली जाईल. सोळा महिन्यांत पहिल्यांदा मला सकाळी उठायला कारण होतं, आणि ते कारण प्लास्टिकचं आहे याची मला लाजही वाटेनाशी झाली होती. मी वाघाशी बोलायचे. थोरल्या दारदेवाच्या दाढीचे चौदा तुकडे बसले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, एकटीच. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

११ जानेवारीला शेवटचा टप्पा उरला होता: फळ्या. दोन पाकिटं, एकावर 'डावं' हे अक्षर, दुसऱ्यावर 'उजवं'. अख्ख्या पेटीतले हे दोनच शब्द. शब्द दिसल्यावर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. डाव्या पाकिटात थोरला, उजव्यात धाकटा. मी थोरल्याला दाराच्या डावीकडे बसवलं, धाकट्याला उजवीकडे, वर तुळई दाबली, तुळईवर वृक्षाचा शेंडा दाबला, दोन पावलं मागे सरले आणि चष्मा पुसला. तीन वाजून वीस मिनिटं. थोरला माझ्या चहाच्या कपाटाकडे बघत होता. धाकटा खिडकीकडे. दोघांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या.

चुकीचे चिकटवलेले दारदेव! अक्षरशः!

मी कंपनीला पत्र लिहिलं. पुस्तिकेतल्या अकरा चुका लाल शाईने दाखवून दिल्या. त्यात सातवी चूक अशी की फळ्या बसवायच्या चित्रात थोरला डावीकडे असूनही धाकट्याकडे तोंड करून आहे, हे प्रत्यक्षात अशक्य आहे. तेव्हा एकतर चित्र खोटं, नाहीतर साचा उलटा. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्यात पहिल्या पत्रातला एक शब्द दुरुस्त केला. (माझाच. शाई वेगळी वापरली.) मग तिसरं. तिसऱ्याला कुणा कुमारी फोक यांचं उत्तर आलं, भाषा स्वच्छ, एकही चूक नाही, त्यामुळे मला राग धरणं जड गेलं. त्यांनी लिहिलं होतं की तक्रार नोंदवली आहे, तज्ज्ञांना दाखवून फोन करू, आणि बदली तुकडे द्यायचे झाल्यास ते खरेदीदाराच्याच पत्त्यावर पाठवावे लागतात. तेव्हा "श्रीमती तोंग, बारावा मजला, आपलीच इमारत, यांच्याकडे पाठवले तर चालतील का?"

श्रीमती तोंग. बारावा मजला.

म्हणजे पुई-शान नुसती हमाल. पेटी तू मागवलीस. आता मला सगळं लख्ख दिसतं. सोळा महिने गल्लीने जे तोंडाने म्हटलं ते तू दोन हजार चारशे अठरा तुकड्यांत माझ्या घरी पाठवलंस, आणि वर ते मलाच माझ्या हातांनी रचायला लावलंस! इतका सविस्तर टोमणा मी आयुष्यात पाहिला नाही. टोमणा म्हणून मी त्याला शंभरापैकी पंच्याण्णव गुण देते. पाच कापले ते वाघाच्या शेपटीबद्दल. पण बहीण म्हणून, आ-लिन, हे फार झालं. सत्तराव्या वाढदिवसाला! मी त्यावर भुवया घालवल्या.

तेव्हा मी पुढील गोष्टींचा लेखी खुलासा मागते. पेटी तू मागवलीस, हे खरं की खोटं. मागवलीस, तर तीत दारदेव पाठीला पाठ लावून निघणार हे तुला ठाऊक होतं की नाही. आणि ठाऊक होतं, तर हसलीस किती वेळ. खुलासा स्वच्छ अक्षरात, समास सोडून, सहीनिशी, रविवार १५ फेब्रुवारीला दुपारी बारापूर्वी माझ्याकडे पोचला पाहिजे. त्या दिवशी आपल्या चांद्र वर्षअखेरची घरझाडणी आहे आणि जुन्या वर्षातली घाण मी नव्या वर्षात नेत नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी दुनिया आपापल्या माणसांबरोबर जेवायला बसेल. मी गेल्या वर्षीप्रमाणे शेवया खाईन. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तुझी थोरली बहीण,
फिलोमिना याउ
(निवृत्त, परीक्षा मंडळ)

ता. क. (त्याच दिवशी, दुपारी साडेचार.) पाकीट बंद करून झालं होतं. ते किटलीच्या वाफेवर उघडलं आहे, म्हणून कागद जरा सुरकुतलेला दिसेल. अश्रूंचा वगैरे संबंध नाही. यिप काकांना दाखवू नकोस. कुमारी फोक यांचा फोन आला. बाई आवाजावरून पन्नाशीच्या वाटल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला. वृक्ष फार सुंदर रचलाय."

मी म्हटलं, "गोड बोलू नका, मुद्द्यावर या. थोरला डावीकडे आहे की नाही?"

"कुणाच्या डावीकडे, मॅडम?"

"कुणाच्या म्हणजे? डावं म्हणजे डावं!"

"तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला उभ्या आहात?"

"बाहेर. मी काय भूत आहे आत उभं राहायला?"

"आणि घर कुठे आहे?"

मी म्हटलं, "आत." मग मी पुस्तिकेत सातव्या चुकीचं पान काढलं. त्यांनी दोनदा "हॅलो" केलं. सातव्या चुकीचं ते चित्र दाराच्या आतून काढलेलं होतं, आ-लिन. फळ्या आतून बसवतात.

ता. क. दुसरा. मघाशी पेन खाली ठेवून चहा केला, तो प्यायला विसरले. तुला आठवतं का, आई वर्षअखेरीला दारावर दारदेव चिकटवायची, तेव्हा खळीची वाटी तू धरायचीस? मी आत सिस्टर इमेल्डांचा इंग्रजीचा अभ्यास करत बसायचे आणि म्हणायचे, हे सगळं अडाणीपणाचं आहे. एकदा तू म्हणालीस, "आई, डावा इकडे ना?" तेव्हा ती काय म्हणाली, ते मला आतपर्यंत ऐकू आलं होतं. "दाराची डावी बाजू म्हणजे घराची डावी. तुझी नव्हे. तू तर नुसती दारात उभी आहेस." साठ वर्षं हे वाक्य माझ्या कानात पडून होतं आणि मी त्याच्यावरून चालत गेले. मग मी वहीत देव्हारा काढला. देव्हाऱ्यातून बाहेर पाहणाऱ्या माणसाची डावी बाजू म्हणजे समोर स्टुलावर चढलेल्या बाईची उजवी. बाबा जागेवरच होते. तूच ठेवले होतेस, आईने शिकवलं तसे. मी त्यांना हलवलं.

इतकं स्वच्छ लिहिलेलं पत्र फाडवत नाही, म्हणून वरचं सगळं तसंच ठेवते. ते वाचताना जिथे जिथे 'तू' आहे तिथे 'मी' वाच. व्याकरण जुळणार नाही, पण अर्थ बरोबर येतो. पुस्तिकेतल्या अकराच्या अकरा चुका माझ्या होत्या, हे कंपनीला वेगळ्या पत्राने कळवलं आहे. कुमारी फोक यांनी विचारलं, तक्रार मागे घ्यायची का? मी म्हटलं, मागे नको, उलटी करा.

ता. क. तिसरा. आणखी एक. फोन ठेवण्यापूर्वी मी त्यांना विचारलं, की नीट बसवले तर ते दोघे कसे दिसतात? म्हणाल्या, "समोरासमोर, मॅडम. म्हणूनच तर लोक ही पेटी भेट देतात." तेव्हा तू काय पाठवलं होतंस, ते मला आज कळलं, एक महिना आणि बावीस दिवसांनी. पंच्याण्णव गुण परत घेते. ती टोमण्यासाठीची गुणपद्धत होती.

ता. क. चौथा. आता कामाचं. फळ्या निघत नाहीत. मी प्रयत्न केला. तुळई उचलून धरायची, वृक्षाचा शेंडा सांभाळायचा आणि त्याच वेळी दोन्ही फळ्या एकदम ओढायच्या, असं आहे. माझे हात दोन, त्यातला एक अंगठा फोडाचा. तुळई सोडली की पानं गळतात. आज एकोणीस गळली. दुसरी दोन हातांची व्यक्ती हवी. पुई-शान नको, ती हसते. आईची ती पातळ पितळी उलथणी तुझ्याकडे आहे, ती फटीत बरोबर जाईल. येताना घेऊन ये. (मुळ्याच्या वड्यांसाठीही ती लागतेच. गेल्या वर्षी तू त्या परतल्यास तेव्हा सुकटीचा वास भिंतीच्या फटीतून पंधराव्यापर्यंत आला. मी खिडकी बंद केली नाही, एवढंच कळवते.)

आणि आईच्या फोटोची काच मी भांडणाच्या दुसऱ्याच आठवड्यात कापून आणली आहे. तेव्हापासून ती कपाटात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली आहे. माप आठवणीने दिलं, तेव्हा बसेल याची खात्री नाही. न बसल्यास चूक माझी धरावी. बसल्यास मी बसवीन, पण बाबांना हात लावणार नाही.

ता. क. शेवटचा. उत्तर लेखीच हवं, १५ तारखेला बारापूर्वीच, आणि मुदत वाढवून मिळणार नाही. मात्र ते पेटीत टाकू नकोस, समुद्रापलीकडे जाऊन यायला त्याला वेळ लागतो. हातात घेऊन ये. कोरा कागद असला तरी मी तो लेखी धरीन. बेल बिघडली आहे, म्हणून जाळीचं कुलूप आजपासूनच काढून ठेवते. डावीकडे सरकव. घराच्या डावीकडे.